घर केव्हा सजवावे?

डिसेंबर महिना उजाडला की आमच्या वर्गात एक निराळाच वाद सुरू होतो. कोणाच्या घरी चांदणी लागली, कोणाच्या घरी अद्याप लागावयाची आहे, आणि ज्याच्या घरी ती नोव्हेंबरातच लागली त्याने इतरांपेक्षा अधिक भक्ती दाखविली की केवळ अधिक घाई केली, हा त्या वादाचा विषय. वादात ख्रिस्ती मुले असतात तशीच हिंदू, बौद्ध व मुसलमान मुलेही असतात. कारण शाळेच्या दारावरील चांदणी पाहून आपल्याही दारी तशीच एक टांगावी, ही हौस आता पुष्कळ घरी दिसून येते. अखेर निवाड्यासाठी प्रकरण आमच्यापुढे येते. व्याकरणाचा तास घ्यावा की हा निवाडा करावा, ह्या पेचातून सुटण्यासाठी आम्ही आमचे म्हणणे एकदाच ह्या वार्षिकात लिहून ठेवीत आहो. पालकांनीही ते वाचावे अशी विनंती आहे. कारण चांदणी मुलांनी मागितली तरी खिळा ठोकणारा हात बहुधा त्यांचाच असतो.

आमचे घर बपेऱ्यास. ज्यांना भंडारा जिल्ह्याचा नकाशा पाठ नाही त्यांच्यासाठी सांगावयाचे तर, तुमसर तालुक्याच्या उत्तरेस, मध्य प्रदेशाच्या सीमेलगत हे गाव आहे. सारा मुलूख धानाचा. नाताळाविषयी लिहावयाचे तर धान मध्येच कशास, असे एखाद्या शहरवासी पालकास वाटेल. परंतु आमच्याकडे घर केव्हा सजवावे हे अर्धेअधिक धानच ठरविते.

तथापि प्रथम दिनदर्शिकेचे बोलू. २५ डिसेंबर ही तारीख शुभवर्तमानात कोठेही दिलेली नाही. त्या दिवशी हा सण पाळल्याचा सर्वांत जुना लेखी दाखला रोम शहरातील, इ. स. ३३६ सालचा आहे. नाताळापूर्वी जे चार रविवार येतात त्यांचा काळ तो आगमनकाळ. त्याचा पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर ह्यांच्या दरम्यान केव्हाही येतो. २०२२ साली तो २७ नोव्हेंबरास आला. २०२३ साली ३ डिसेंबरास आला, आणि त्या वर्षी चौथा रविवार नाताळाच्या आदल्याच दिवशी पडला. हा काळ मूळचा उत्सवाचा नव्हे, वाट पाहण्याचा आहे. उत्सव पुढे सुरू होतो आणि बारा दिवस चालून ६ जानेवारीस, मागी लोकांच्या भेटीचे स्मरण करून, संपतो. जर्मनीतील जुन्या चालीच्या घरांतून नाताळाचे झाड २४ डिसेंबरच्या संध्याकाळपर्यंत बंद खोलीत ठेवीत. घंटी वाजली म्हणजेच मुलांना आत प्रवेश मिळे. हल्ली बाजाराने हा क्रम पार उलटा केला आहे. दिवाळीचे आकाशकंदील दुकानातून खाली उतरतात न उतरतात तोच त्याच दोरीवर चांदण्या चढतात, आणि २६ डिसेंबरास, म्हणजे सण नुकता कोठे सुरू झालेला असताना, त्याच चांदण्या निम्म्या किमतीस विकावयास काढतात. दुकानदाराचा त्यात दोष नाही. त्याला माल खपवावयाचा असतो. पण त्याच्या घाईचे वेळापत्रक आपण आपल्या भिंतीवर का टांगावे, हे आम्हांस अद्याप कोणी पटवून दिलेले नाही.

येथे एक गमतीची गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. आपल्या नागपूरकडील जुन्या मिशनरी मंडळीत स्कॉटलंडच्या लोकांचा मोठा भरणा होता. स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचे महाविद्यालय नागपुरात आजही चालते, ते १८४५ साली तेथे पोहोचले. आता ह्या स्कॉटलंड देशाचा प्रकार असा की, तेथील पार्लमेंटाने १६४० साली नाताळाची सुटीच रद्द करून टाकली होती. जो सण बायबलात सांगितलेला नाही तो पाळू नये, असा तेथील प्रेस्बिटेरियन मंडळीचा कटाक्ष होता. पिढ्यान्‌पिढ्या तेथे २५ डिसेंबरास माणसे नित्याप्रमाणे कामावर जात, आणि हौसमौज करावयाची ती नववर्षास करीत. त्या देशात नाताळास सार्वजनिक सुटी मिळाली ती १९५८ साली! तेव्हा घर अमुक दिवशी सजवावे असा शिरस्ता त्या पाद्रीसाहेबांकडून आमच्या पूर्वजांस मिळाला असेल असे मानणे कठीणच आहे. गोवा आणि वसई ह्यांची गोष्ट निराळी. तेथे पोर्तुगीज अमलाखाली हा सण रुजला. ‘नाताळ’ हा शब्दही आपण त्यांच्याच भाषेतून घेतला. तेथील मुले गल्लोगल्ली गोठे उभारतात, नक्षत्रे टांगतात, आणि ते केव्हा करावयाचे हे त्यांना कोणाला विचारावे लागत नाही. आमच्या आजी-आजोबांस मात्र आपला शिरस्ता आपणच घालावा लागला, आणि त्यासाठी त्यांच्यापुढे ज्या गोष्टी होत्या त्या म्हणजे दिवाळी, मंडई व धानाचे खळे.

आजोबा शिक्षक होते. शिक्षकी करीत असतानाच त्यांनी धानाच्या चार बांध्या घेतल्या. ना. वा. टिळकांचे त्यांना भारी कौतुक. १८९३ साली टिळक आगगाडीने राजनांदगावास निघाले असता वाटेत भेटलेल्या एका परदेशी गृहस्थाने त्यांना नवा करार वाचावयास दिला, आणि दोन वर्षांनी, १८९५ साली, त्यांनी बाप्तिस्मा घेतला, ही हकीकत सर्वश्रुत आहे. नागपूरहून राजनांदगावास जाणारा तो लोहमार्ग आपल्याच भंडारा जिल्ह्यातून जातो, ह्याचा आजोबांस विशेष अभिमान. जणू गाडी त्यांनीच हाकली होती! टिळकांनी भजन आणि कीर्तन ख्रिस्ती उपासनेत आणले. देवाचे भजन टाळ-मृदंगावर चालते, तर त्याच्या सणास दारी रांगोळी आणि आंब्याच्या पानांचे तोरण का चालू नये, असे आजोबा म्हणत. तेव्हा आमच्या घरी सजावट म्हणजे सारवलेले अंगण, पांढऱ्या मातीने पोतलेल्या भिंती, रांगोळी, तोरण, एक चांदणी आणि एक गव्हाण, एवढीच. काय करावयाचे हा प्रश्न कधीच नव्हता. केव्हा करावयाचे, एवढाच होता.

आता धानाकडे येऊ. हलके धान दिवाळीच्या सुमारास कापून होते. भारी धान मात्र नोव्हेंबरात कापणीस येते. कापलेल्या धानाच्या कडपा काही दिवस बांधीतच वाळत पडतात. मग त्यांचे भारे बांधावयाचे, ते खळ्यावर आणावयाचे आणि त्यांचे पुंजणे रचावयाचे. पुंजणे म्हणजे वर्षाची सारी मिळकत एके ठिकाणी, उघड्यावर, वाळलेल्या तणसाच्या रूपाने उभी. त्यावर एक ठिणगी पडली की संपले. धानाचे पुंजणे जळाल्याची बातमी आपल्या जिल्ह्यातील वर्तमानपत्रांतून दरवर्षी कोठून ना कोठून येतेच. आमचे खळे घराच्या परसातच होते. चांदणीत त्या काळी तेलाचा दिवा ठेवीत. चांदणी कागदाची, वारा उत्तरेचा, आणि वीस पावलांवर पुंजणे. म्हणून आजीचा नियम असा होता: “पैले खरा मोकरा होऊ द्या, मंग चांदनी टांगा.” आमच्या झाडीबोलीत ‘ळ’चा ‘र’ होतो आणि ‘ण’चा ‘न’, तेव्हा बाहेरगावच्या वाचकांनी येथे खऱ्याखोट्याचा विचार न करता खळ्याचा करावा. आता दिव्याच्या जागी विजेची माळ आली आहे. तरी उघड्या जोडाची तार दवात भिजली म्हणजे काय होते ते आम्ही पाहिले आहे, आणि आजीचा नियम अद्याप मोडलेला नाही.

नियम मुलांच्या मुळीच सोयीचा नसे. एका वर्षी डिसेंबरात अवकाळी पाऊस आला. कडपा भिजल्या, त्या पुन्हा वाळवाव्या लागल्या, आणि मळणी २२ तारखेपर्यंत लांबली. तुमसरास राहणाऱ्या आमच्या एका वर्गमित्राच्या घरी १ तारखेपासून चांदणी झळकत होती. आमच्या दारी मात्र ताडपत्रीखाली ओले धान आणि वडिलांचा अबोल चेहरा! त्या वेळी आम्ही जो रुसवा धरला होता त्याचे आज हसू येते. पण वडिलांना त्या दहा दिवसांत झोप कशी लागली असेल, हा विचार मनात आला की ते हसू मावळते. चांदणी २३ च्या रात्री लागली. सर्वांच्या अंगाला मळणीचा भुसा चिकटलेला, कोणी आंघोळसुद्धा केलेली नव्हती. अशा स्थितीत वडिलांनी स्वतः शिडीवर चढून ती बांधली.

मळणी झाली म्हणजे सगळे मार्गी लागले असेही नाही. धान आधारभूत किमतीने केंद्रावर घालावयाचे, आणि मग चुकाऱ्याची वाट पाहावयाची. चुकारे कधी पंधरवड्यात येतात, कधी महिना उलटतो. पोरांचे कपडे, भिंतीचा रंग, फराळाचे तेल-साखर हे सारे त्या चुकाऱ्यावर लिहिलेले. वडिलांचा दंडक असा की, खतासाठी उधारी करावी, औषधासाठी करावी, पण सणाच्या शोभेसाठी करू नये. म्हणून आमच्या सजावटीचे दोन भाग पडत. ज्याला पैसे लागत नाहीत ते, म्हणजे सारवण, पोतणे, तोरण, रांगोळी, हे खळे मोकळे होताच. ज्याला पैसे लागतात ते चुकारे आल्यावर. आणि चुकारे आलेच नाहीत तर ते त्या वर्षी नाही. मुलांना हे समजावून सांगण्याची वेळ आईवर येई. ती समजावीत बसत नसे. पोतण्याचा कुंचा हातात देई.

दिवाळीचा हिशेब ह्याहून निराळा. घर पोतणे हे कष्टाचे काम. दिवाळीस एकदा केलेले पोतणे नाताळापर्यंत पुरते की नाही, हा आमच्या घरी दरवर्षीचा चर्चेचा विषय. दिवाळी चंद्राच्या गतीने चालते आणि नाताळ सूर्याच्या. त्यामुळे दोहोंतील अंतर स्थिर नाही. २०२२ साली लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरास झाले, तेथून नाताळ ६२ दिवसांवर. २०२३ साली अधिक श्रावण आल्यामुळे लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरापर्यंत पुढे गेले आणि अंतर ४३ दिवसांचेच उरले. ४३ दिवस भिंत तग धरते; ६२ दिवसांत, मळणीची धूळ खाऊन, ती पुन्हा हात मागते. शिवाय मध्ये मंडई. दिवाळीनंतर आपल्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. दंडार होते, रात्री नाटक होते, आणि सासरी गेलेल्या लेकी व लांबचे सोयरे मुक्कामास येतात. एका गावची मंडई शेजारच्या गावच्या मंडईवर पडू नये म्हणून गावकरी तिथी वाटून घेतात. ही वाटणी ज्यांनी पाहिली आहे त्यांना आमचे म्हणणे लवकर कळेल. सणाचा दिवस धर्माने ठरविला तरी त्याच्या तयारीचा दिवस शेजाऱ्याकडे पाहून ठरवावा लागतो.

शेजाऱ्याचा आणखी एक विचार आहे. आमच्या आळीत बौद्ध घरे पुष्कळ. ६ डिसेंबर हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा महापरिनिर्वाणदिन. १९५६ साली त्यांचे देहावसान झाले. ह्याच भंडाऱ्यातून १९५४ साली त्यांनी लोकसभेची पोटनिवडणूक लढविली होती, तेव्हा आमच्या जिल्ह्यास ते केवळ पुस्तकातील पुरुष नव्हते. ज्यांनी त्यांना डोळ्यांनी पाहिले अशी वृद्ध माणसे आमच्या लहानपणी गावोगाव होती. त्या दिवशी शेजारी मेणबत्ती लावून माणसे स्तब्ध उभी असताना आपल्या दारी रंगीत चांदणी लुकलुकावी, हे आजोबांस प्रशस्त वाटले नाही. म्हणून खळे लवकर मोकळे झाले तरी ६ डिसेंबरापूर्वी आमच्याकडे चांदणी पेटत नाही. हे कोणी सांगितलेले नाही, कोठे लिहिलेलेही नाही. शेजारच्या आजीबाई मात्र ७ तारखेस कुंपणावरून हटकून विचारतात, “आता लावा ना गा तुमची चांदनी, अंधार पडते आमच्याकडं!”

लवकर टांगण्याच्या विरुद्ध एक व्यवहारी कारणही आहे, आणि ते विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानात घ्यावे. डिसेंबरात वैनगंगेच्या खोऱ्यात पहाटेचे दव व धुके दाट पडते. पतंगी कागदाची चांदणी त्यात आठ दिवस राहिली की खळ सुटते, रंग ओघळतो, आणि नाताळाच्या दिवशी दारी जे लोंबते त्यास चांदणी म्हणणे हे केवळ सौजन्य ठरते. बाजारच्या प्लास्टिकच्या चांदणीस दव बाधत नाही हे खरे. पण ती करावी लागत नाही, हाच तिचा मोठा दोष आहे.

करावयाची कशी तेही सांगतो. बुरडाकडून बांबूच्या सारख्या लांबीच्या दहा कामट्या आणाव्या. पाच कामट्यांची, टोकास टोक बांधून, एक पंचकोनी तारका. उरलेल्या पाचांची दुसरी. दोन्ही एकमेकींवर ठेवून पाचही टोके सुतळीने आवळावी. मग आत जेथे कामट्या एकमेकींस छेदतात तेथे, दोन तारकांच्या मध्ये, वीतभर लांबीच्या पाच काड्या आडव्या सारून बांधाव्या, म्हणजे चांदणी पोट फुगवून उभी राहते. प्रत्येक टोकाचा कोन ३६ अंशांचा येतो. न आल्यास कामट्यांची लांबी सारखी नाही असे समजावे. भूमितीचा हा संबंध आम्ही ओढूनताणून आणलेला नाही. युरोपात ‘मोरेव्हियन तारा’ म्हणून जी पुष्कळ टोकांची चांदणी प्रसिद्ध आहे तिचा जन्मच मुळी एका शाळेत झाला. जर्मनीतील नीस्की गावी मोरेव्हियन मिशनच्या शाळेत, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, भूमितीचा पाठ म्हणून मुलांकडून ती करवून घेत. पुढे ती घरोघर गेली, आणि आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी टांगून प्रकटीकरणाच्या सणापर्यंत ठेवण्याची तिकडे रीत पडली. तेव्हा आपल्या शाळेतील जी मुले चांदणीपायी भूमितीचा अभ्यास बुडवितात, त्यांच्यासाठी आता ही सबब उरली नाही. दिवाळीच्या आकाशकंदिलाचा सांगाडा मोडून त्याच्या कामट्या चांदणीस वापरता येतात. आमच्याकडे तसेच करतात. कागद मात्र भर दुपारच्या उन्हात चिकटवावा. सकाळी चिकटविलेला सुकत नाही.

इथवर जे सांगितले ते भिंतीचे, दाराचे आणि चांदणीचे. गव्हाणीचे आम्ही मुद्दाम मागे ठेवले होते, कारण घरीही ती मागेच राहते. असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो गावी गोठा सजवून नाताळाची रात्र साजरी केली, आणि तेव्हापासून ही गव्हाण मांडण्याची चाल लोकांत पसरली असे सांगतात. आमची गव्हाण म्हणजे एक जुनी सागवानी पेटी, तीत नव्या तणसाचा थर, आणि आजोबांनी आणलेली मातीची बाहुली. तणस नवेच पाहिजे. जुने चालत नाही. आणि गव्हाण मांडावयाची ती घरातील सर्व माणसे घरी आल्यावर, हा आईचा नियम. आजीचा नियम खळ्याचा, वडिलांचा उधारीचा, आईचा हा.

आमची थोरली भगिनी नागपुरास परिचारिका आहे. ज्यांच्या घरात परिचारिका आहे त्यांना हे सांगावयास नको की, सणाच्या दिवशी रुग्ण घरी जात नाहीत, आणि म्हणून परिचारिकाही जात नाहीत. ताई कधी २४ च्या संध्याकाळच्या गाडीने येई, कधी २६ ला. ती येईपर्यंत पेटी रिकामी. वडिलांना हे फारसे रुचत नसे. चांदणी दारी लागली आणि गव्हाण नाही, फराळास येणारे लोक काय म्हणतील, असे ते विचारीत. “लोकांना करंज्या द्या,” असे आई म्हणे. आणि खरोखरच, करंजी हातात पडल्यावर रिकाम्या पेटीविषयी कोणी विचारल्याचे आम्हांस आठवत नाही.

२०२० साल आले. ऑगस्टअखेर वैनगंगेस महापूर आला आणि नदीकाठची रोवलेली बांधीच्या बांधी गाळाखाली गेली. साथ तर मार्चपासूनच होती. त्या वर्षी ताई उन्हाळ्यात आली नाही, पोळ्यास आली नाही, दिवाळीस आली नाही. धान थोडे, म्हणून खळे लवकर मोकळे झाले. इतके लवकर की आजीचा नियम पाळण्याचा प्रश्नच पडला नाही. भिंती आम्ही पोतल्या. चांदणी ७ डिसेंबरास लागली. २० तारखेच्या सुमारास ताईचा दूरध्वनी आला की रजा नाही, तेव्हा गव्हाण मांडून घ्या, माझी वाट पाहू नका. आईने ऐकून घेतले. “तू ये तेव्हा ये,” एवढेच ती म्हणाली. नाताळाची उपासना आम्ही घरीच केली, पाच माणसांनी, रिकाम्या पेटीपुढे. वडिलांनी त्या वर्षी लोकांचा प्रश्न काढला नाही. लोक येणारच नव्हते.

ताई २ जानेवारी २०२१ रोजी आली. अंगणात, दारापासून दूर, एका खुर्चीवर ती बराच वेळ बसली. आत यावे की न यावे, हे तिलाच ठरविता येईना. तिच्या नाकावर मुखपट्टीचा वळ पडला होता. दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी तिनेच परसातून तणस आणले, निवडले, पेटीत पसरले, आणि बाहुली ठेवली. बारा दिवसांतील तो दहावा दिवस होता. धर्माच्या हिशेबाने आम्ही उशीर केलेला नव्हता. मागी लोक अजून वाटेतच होते. ४ तारखेस ताई परत गेली.

एरव्ही आमच्याकडे सजावट ६ तारखेस उतरते. त्या वर्षी गव्हाण एवढी उशिरा मांडलेली, म्हणून पुढच्या रविवारपर्यंत, १० तारखेपर्यंत, ती राहू द्यावी असे आईने ठरविले. ९ जानेवारीच्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षास आग लागली आणि दहा अर्भके दगावली. बातमी सकाळी गावात आली. आईने कोणाशी काही न बोलता चांदणीची तार काढली. पेटीतील बाहुली तिने उचलली, आपल्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळली, आणि कपाटात ठेवली. दुपारी ताईचा दूरध्वनी आला. दोघी किती तरी वेळ दूरध्वनी कानाला लावून होत्या, पण बोलणे थोडेच झाले. शेजारच्या आजीबाईंनी त्या संध्याकाळी चांदणीविषयी विचारले नाही. त्यांच्याही घरचा ओट्यावरील दिवा लागला नव्हता.

असो. पुढील वर्षांत सर्व पूर्ववत झाले, आणि वर्गातील वादही पूर्ववत सुरू झाला. तेव्हा ज्यांना आमच्या घरचा शिरस्ता उपयोगी पडेल त्यांच्यासाठी तो थोडक्यात येणेप्रमाणे. मंडई आटोपली की कुंचे आणि पांढरी माती आणून ठेवावी. खळ्याकडे लक्ष ठेवावे. ते मोकळे झाल्यावर एक दिवस धूळ बसू द्यावी आणि मग पोतावे, कारण घाईने पोतलेल्या भिंतीवर भुशाची नक्षी उठते. चांदणीचा सांगाडा ६ डिसेंबरानंतर बांधावा, कागद शेवटच्या आठवड्यात लावावा. शहरात राहणाऱ्या पालकांचे खळे म्हणजे मुलांची सहामाही परीक्षा, असे समजण्यास हरकत नाही. ती संपेपर्यंत घरात कात्री व कागद काढू नये. आणि गव्हाणीची, किंवा जे काही आपल्या घरी सर्वांत आवडते असेल त्याची, जागा पुसून रिकामी ठेवावी. वसतिगृहातील मुले सुटी लागल्यावर घरी येतात, तेव्हा सगळे घर आधीच सजलेले पाहून त्यांपैकी कित्येकांचा चेहरा कसा उतरतो, हे त्यांच्या आयांनी आम्हांस सांगितले आहे. त्यांच्यासाठी निदान तोरणाची पाने तरी ओवावयाची ठेवावी.

आमच्या घरी ६ जानेवारीस सायंकाळी चांदणी उतरते. कागद फाडून चुलीत जातो. सांगाडा आढ्याला टांगतात, म्हणजे उंदीर सुतळी कुरतडीत नाहीत. पेटीतील तणस गाईपुढे टाकतात. मग आई नव्या वर्षाची दिनदर्शिका खिळ्याला अडकविते, आणि अडकविण्यापूर्वी पाने उलटून दिवाळी कोणत्या तारखेस आहे ते पाहून घेते.